‘काही लागलं तर सांगा’ म्हणजे नक्की काय सांगायचं?

सांजसावली

माझ्या बहिणीच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे. वय वर्षं सहा. आजाराचं नाव लांबलचक आहे, घरात सगळे नुसतं एएलएल म्हणतात. उपचारांचा हा चौदावा महिना.

पहिले पंधरा दिवस फोन खाली ठेवायला मिळत नव्हता. मदतीचं आवाहन टाकलं, तर नऊ दिवसांत आकडा पुरा झाला. ओळखीचे, अनोळखी, शाळेतले, कोण कुठले लोक! आणि फोन ठेवताना प्रत्येकाचं एकच पालुपद, "काही लागलं तर सांगा हं." बहीण "हो हो" म्हणायची.

आता फोन वाजत नाही. लोक वाईट झाले असं मुळीच नाही. पैसे जमले, औषधं सुरू झाली, म्हणजे पोरगं मार्गी लागलं असं त्यांना वाटतं. या आजाराचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात, हे आम्हाला तरी कुठे माहीत होतं?

परवा मी तिला सहज विचारलं, समजा आज कोणी खरंच विचारलं की काय लागतंय, तर काय सांगशील? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मंगळवारी दुपारी तीनला कोणीतरी मोठीला शाळेतून आणावं."

मंगळवार हा केमोचा दिवस. मी राहते दुसऱ्या गावी, त्यामुळे मी काही ते करू शकत नाही. पण चौदा महिन्यांत एकालाही हे सुचलं नाही आणि तिलाही मागता आलं नाही, हे डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा. अशा घरांना नक्की कशाचा उपयोग होतो? ज्यांनी मदत केलीय, घेतलीय किंवा संस्थेत काम केलंय, त्यांनी लिहा. औषधांचे सल्ले मात्र नकोत, ते डॉक्टर देताहेत.

खारीचावाटा

वाचतेय. आणि थोडी ओशाळलेय. हे वाक्य मी स्वतः किती जणांना म्हटलंय त्याची गणती नाही.

पांढरे_बूट

मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, 11 वर्षं झाली. सांजताई, मंगळवारचं वाचून हसूही आलं आणि पोटात कालवलंही. अगदी असंच असतं.

औषधांचा खर्च सगळ्यांना दिसतो. त्याला बिल असतं, आकडा असतो. पण घर खचतं ते बाकीच्या गोष्टींनी. येण्याजाण्याचं भाडं, बुडालेले कामाचे दिवस, दवाखान्याजवळची खोली, मागे राहिलेली भावंडं. याला बिल नसतं, त्यामुळे यासाठी आवाहनही निघत नाही.

जवळ राहण्याचं महत्त्व बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते. केमोनंतर पोराचे काउंट पडतात, पांढऱ्या पेशी अगदी कमी होतात. तेव्हा 38 डिग्री सेल्सिअस ताप, म्हणजे थर्मामीटरवर 100.4, ही इमर्जन्सी असते. एरवी असल्या तापाला आपण अंगावर पांघरूण घालून झोपवतो. या पोरांना दवाखान्याच्या दारात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक लागायला हवं. आता ज्यांचं घर सहा तासांवर आहे त्यांनी काय करायचं? म्हणून तर लोक जनरेटरशेजारची, खिडकी नसलेली खोलीसुद्धा घेतात.

आणखी एक. अनेक महिन्यांनी हातावर सुया टोचायचं कमी होतं, केस परत येतात, पोर शाळेत जायला लागतं. याला आम्ही मेंटेनन्स म्हणतो. बाहेरून सगळं छान दिसतं. पण रोज घरी गोळ्या द्यायच्या असतात, वर्ष-दीड वर्ष, एकही न चुकवता. गोळ्या 95 टक्क्यांपेक्षा कमी घेतल्या गेल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे महिन्यात दोन दिवस चुकले तरी 95 च्या खाली. आई थकली, बाप कामासाठी लांब गेला, भावंड आजारी पडलं, की चुकतात दोन दिवस. मदत नेमकी याच वेळी आटलेली असते.

रोखठोक

सहानुभूती आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. आवाहनांच्या नावाखाली फसवणूकही चालते. एकाच मुलाचा फोटो तीन वेगवेगळ्या नावांनी फिरताना मी स्वतः पाहिलाय. तेव्हापासून नियम केलाय, पैसे द्यायचे तर थेट दवाखान्याच्या खात्यात, पेशंटचा नंबर टाकून. कुटुंबाच्या हातात रोख नाही. भाडंतोडं, घरखर्च याचा हिशोब कोण देणार?

बापमाणूस_७८

रोखठोक, मी देतो हिशोब.

मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, जन्मतःच दोष होता. (दर शंभरात साधारण एका बाळाला हृदयाचा काही ना काही दोष असतो. आम्हाला ते आमच्यावर आल्यावर कळलं.) ऑपरेशनचे पैसे तुमच्यासारख्या भल्या लोकांनी थेट दवाखान्यात भरले. एक नवा पैसा आमच्या हाताला लागला नाही, आणि त्याबद्दल आयुष्यभर ऋणी आहे. पण मी रोजंदारीवर. काम नाही तर पगार नाही. ऑपरेशननंतर तपासणीला बोलावलं. जायला भाडं नव्हतं. दवाखान्यात तिच्या नावावर पैसे शिल्लक होते, पण त्यातून तिकीट निघत नाही. आम्ही ती तारीख चुकवली. पुढची पण चुकवली.

मग तिथल्या सोशल वर्कर बाईंचा फोन आला. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती जण येणार? तिकीट काढून पाठवते." तिसरी तारीख गाठली.

फसवणूक होते हे खरं. पण त्यासाठी सगळ्यांनाच भिंगाखाली धरलं तर खरा माणूस मागणंच सोडून देतो.

रोखठोक

बापमाणूस, तुमचं वाचून गप्प बसलो. शिल्लक असून तिकीट निघत नाही, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. मग मधला मार्ग काय?

पांढरे_बूट

मधला मार्ग तोच, सोशल वर्कर. बऱ्याच मोठ्या दवाखान्यांत असतात. त्यांनी घर पाहिलेलं असतं, कागद पाहिलेले असतात, आणि कुणाला भाड्यावाचून अडलंय हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याकडे प्रवास आणि राहण्याचा वेगळा निधी आहे का विचारा. असला तर पैसे द्या आणि "औषधांसाठीच वापरा" अशी अट घालू नका. बिनअटीचे थोडे पैसे अटीच्या ढिगाहून जास्त उपयोगी पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आकडेमोडे

पांढरे बूट आणि बापमाणूस जे सांगताहेत त्याला एक नाव आहे: उपचार सुटणं. मुलांच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची व्याख्या अशी की, बरं होण्यासाठी चाललेल्या उपचारांत सलग चार आठवडे किंवा जास्त खंड पडला तर ते सोडल्यात जमा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे 4 लाख मुलामुलींना (0 ते 19 वयाच्या) कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. कारणांत उशिरा निदान, चुकीचं निदान, औषधांची टंचाई हे सगळं आहेच, पण उपचार अर्ध्यावर सुटणं हेही ठळकपणे आहे. 2018 मध्ये संघटनेने उपक्रम सुरू केला, 2030 पर्यंत निदान 60 टक्के मुलं वाचावीत म्हणून. मला यात रोचक वाटतं ते हे, की निदान, औषधं आणि यंत्रं यांना सरकारं आणि मोठे निधी लागतात, पण सुटलेला उपचार एखाद्या तिकिटानेही धरून ठेवता येतो. बापमाणूस यांच्या बाबतीत तेच झालं.

वाटसरू

मी मुलांच्या दवाखान्याशेजारच्या एका निवासात आठवड्यातून एक रात्र स्वयंसेवक म्हणून असतो. बाहेरगावहून आलेल्या आईबापांना तिथे फुकट राहता येतं.

ही कल्पना जुनी आहे. 1974 साली अमेरिकेत फिलाडेल्फियात पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस उघडलं. तिथल्या डॉक्टर ऑड्री इव्हान्स रोज बघायच्या की आईबाप वॉर्डात खुर्चीत झोपताहेत. त्याच सुमारास अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या फ्रेड हिल याच्या मुलीला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झाला होता आणि त्याचा संघ निधी गोळा करत होता. इव्हान्सबाईंना दवाखान्याजवळ एक घर हवं होतं. हॅम्बर्गरवाल्या कंपनीचं नाव बघून नाक मुरडणारे मित्र मलाही आहेत (एकेकाळी मीही मुरडायचो), पण कल्पना डॉक्टरबाईंची होती हे विसरू नये.

आमच्या इथे सगळ्यात महत्त्वाची खोली कुठली, विचाराल तर कपडे धुण्याची. रात्री साडेअकराला एक आई एवढासा एकच शर्ट घेऊन आली. पोराने उलटी केली होती आणि सकाळी त्याला तोच शर्ट हवा होता, डायनासोरचा. एका शर्टासाठी मशीन लावायचं की नाही या विचारात ती झाकण धरून उभी. दुसरी एक बाई आली, तिने काही न बोलता आपले कपडे त्यात टाकले आणि बटण दाबलं. मग दोघी पाऊण तास तिथेच बाकावर. त्या काय बोलल्या मला ठाऊक नाही, पण त्या रात्री समुपदेशकाची गरज पडली नाही एवढं खरं.

त्यामुळे कोणी विचारलं काय देऊ, तर मी सांगतो साबण, चादरी, मशीनची दुरुस्ती. देणगीदारांना वॉर्डाच्या भिंतीवर नाव हवं असतं. मशीनच्या दुरुस्तीवर नाव कसं लावणार?

खारीचावाटा

खेळणी? आमच्या मुलांची ढीगभर पडलीत, अगदी चांगल्या स्थितीत.

पांढरे_बूट

वापरलेली मऊ खेळणी नकोत गं बाई. काउंट पडलेल्या पोरांना त्यातली धूळ-बुरशी बाधू शकते. ताजी फुलं अनेक वॉर्डांत याच कारणासाठी बंद असतात. नवी, पुसता येतील अशी द्या, आणि आधी वॉर्डात विचारून. आणि लहान मुलांसाठी सगळे आणतात. चौदा-पंधराच्या पोरांना कोणी काही आणत नाही. त्यांना हवा असतो लांब वायरचा चार्जर आणि इयरफोन.

आणि वेळ असेल तर प्लेटलेट द्या. प्लेटलेट फक्त 5 ते 7 दिवस टिकतात, त्याही सतत हलवत ठेवून. साठा करून ठेवता येत नाही. मोठ्या शिबिरात एकदाच शंभर जण येण्यापेक्षा वर्षभर आळीपाळीने येणारे दहा जण आम्हाला जास्त प्यारे. मशीनवर दीड-दोन तास बसावं लागतं, पुस्तक घेऊन जा.

अर्धविराम

एक नावडता मुद्दा. फोटो.

मी नऊ वर्षांचा असताना माझ्यासाठी आवाहन निघालं होतं. टक्कल, नाकात नळी, मागे आई रडतेय. पैसे जमले, मी वाचलो, आता नोकरी करतो. पण कॉलेजात पहिल्या वर्षाला वर्गातल्या एकाने माझं नाव इंटरनेटवर शोधलं आणि तो फोटो गटावर टाकला. वाईट हेतू नव्हता त्याचा, "भावा, तू तर फायटर" असं लिहिलं होतं. मला आठवडाभर वर्गात जाववलं नाही.

आईबापांना दोष नाही. त्यांना सांगितलं होतं, फोटो जितका दीनवाणा तितके पैसे लवकर येतात. सांगणारा चूक नव्हता, तसंच होतं बहुधा. पण देणाऱ्यांनी एवढं करावं: हसरा फोटो किंवा बिनफोटोचं आवाहन दिसलं तर ते खोटं समजू नये. आणि काम झाल्यावर फोटो काढून टाका म्हणून आयोजकांना आठवण करावी.

सांजसावली

अर्धविराम, हे वाचून लगेच बहिणीला फोन केला. आमच्याही आवाहनात पूर्ण नाव आणि फोटो आहे. आज उतरवायला सांगितलंय. खरंच आभार.

रोखठोक

आवाहनाबद्दल अजून एक. जमलेले पैसे उरले तर, किंवा... तसं काही झालं तर, त्यांचं काय होणार हे आधीच लिहिलेलं असावं. देताना मी हल्ली एवढंच बघतो. लिहिलं असेल तर माणसं सरळ आहेत असं धरून चालतो.

कागदीहोडी

मी ते मागे राहिलेलं भावंड. दादा आजारी होता, मी दुसरीत. शाळेच्या डायरीवर रोज आईची सही लागायची आणि आई दवाखान्यात. मग मी सही शिकले. हुबेहूब. दोन वर्षं मीच केली. सूचना मीच वाचायचे आणि मीच ठरवायचे कुठली सांगायची. सहलीची कधीच सांगितली नाही, उगाच कशाला घोर.

शेवटी बाईंना कळलं. घरी बोलावणं गेलं. मला वाटलं आता मार बसणार. कोणीच रागावलं नाही. आईने नुसती ती वही उलटी करून ठेवली. ते जास्त लागलं.

दादा आता ठणठणीत आहे, माझ्याहून उंच. दादाला माझा बोनमॅरो (हाडातला मगज) चालेल का म्हणून तपासणी झाली तेव्हा मी जुळले नव्हते. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, हे मला कोणी सांगितलंच नाही. कित्येक वर्षं मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलं.

सांजताई, मोठीला शाळेतून आणायला कोणी मिळेल. पण जो आणेल त्याने तिला "भाऊ कसा आहे?" हे पहिलं विचारू नये, एवढं सांगा.

खारीचावाटा

कागदीहोडी _/\_

आकडेमोडे

अवांतर नाही म्हणून टाकतो. फ्रान्समध्ये 2009 साली पाणी बाटलीत भरणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगाराचा मुलगा कॅन्सरने आजारी होता. बापाची रजा संपली. सहकाऱ्यांनी आपापल्या रजा त्याला दिल्या, एकूण 170 दिवस. त्यामुळे शेवटपर्यंत त्याला मुलाजवळ राहता आलं. पुढे त्या बापाने पाठपुरावा केला आणि 2014 मध्ये कायदाच झाला, सहकाऱ्याला आपली रजा देता येण्याचा. मुलाच्या नावाने तो मातीस कायदा म्हणून ओळखतात. बापमाणूस यांच्यासारख्या रोजंदारीवाल्याला त्याचा उपयोग नाही हे कबूल, पण नोकरदारांनी आपल्या कचेरीत विचारून पाहायला हरकत नाही.

बापमाणूस_७८

170 दिवस. बापरे.

वाटसरू

इच्छापूर्तीच्या संस्थांबद्दल कोणी लिहिलं नाही. मी आधी नाराज असायचो, एवढ्या पैशांत किती औषधं आली असती म्हणून. पहिली मोठी संस्था कशी झाली ते वाचलं तेव्हा जरा नरमलो. 1980 साल, फिनिक्स शहर, सात वर्षांचा मुलगा, ल्युकेमिया, पोलीस व्हायचं होतं. पोलिसांनी त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला आणि त्याला मानद अधिकारी केलं. काही दिवसांत तो गेला. त्यातून मेक-अ-विश उभी राहिली. तरीही कुणी माझ्यासमोर दोन पेट्या ठेवल्या, एक इच्छेची आणि एक तिकिटांची, तर मी तिकिटांच्या पेटीत टाकेन. माझं वैयक्तिक मत.

अर्धविराम

असहमत, वाटसरू. मला नऊव्या वर्षी एका स्टेशनमास्तरांनी शिट्टी वाजवू दिली होती. उपचारांतलं मला फारसं काही आठवत नाही, शिट्टी आठवते.

निःशब्द_

लिहू की नको करत होते.

आमची मुलगी गेली. तीन वर्षं झाली. दुर्धर मज्जासंस्थेचा आजार, बरा होणारा नव्हताच. आजार बरा होणारा नसेल तर आवाहनाला लोक कमी येतात, हे पण लिहून ठेवा कुठेतरी. "वाचवा" लिहिता येत नाही ना.

आम्हाला वाचवायला कोणी नको होतं. रात्रभर झोप हवी होती. एका संस्थेची ताई पंधरा दिवसांतून एकदा रात्री तिच्यापाशी बसायची. घशातला कफ ओढून काढणारं सक्शन मशीन तिला चालवता यायचं, म्हणून तिच्यावर सोडून झोपता यायचं. 1982 साली ऑक्सफर्डला हेलन हाउस सुरू झालं, मुलांचं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात काळजी घेणारं घर. त्याची सुरुवात अशीच, सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी हेलन नावाच्या एका छोट्या मुलीला थोडे दिवस आपल्याकडे ठेवून घेतलं, आईबापांना श्वास घेता यावा म्हणून. लोक हॉस्पिस म्हटलं की दचकतात. आम्हीही दचकलो होतो, आणि त्यापायी वर्ष घालवलं.

ती गेली त्या आठवड्यात सगळं एकदम थांबलं. फाइल बंद. मशीन परत नेलं, गाडी आली, सही घेतली, गेले. ती पंधरवड्याची ताई मात्र तिच्या ठरलेल्या रात्री आली. म्हणाली, वार माझाच आहे. चहा घेऊन गेली.

पांढरे_बूट

निःशब्द, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. ज्या घरी मूल गेलंय त्यांना तारीख लक्षात ठेवून फोन करणाऱ्या संस्था आहेत, पण फार थोड्या. आमच्या वॉर्डात आम्ही तिघीजणी वहीत तारखा लिहून ठेवतो. ऑफिशियल काही नाही.

सांजसावली

सगळ्यांचे प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवले. निःशब्दताईंचा नाही दाखवला, तो माझ्यापाशी ठेवलाय.

मोठीच्या शाळेतल्या पालकांच्या गटावर मी एवढंच टाकलं: "मंगळवार, दुपारी तीन, मागचं गेट. तिला घरी सोडायचं आणि कोणी येईपर्यंत थांबायचं, साधारण दोन तास. भावाची चौकशी करू नये." तासाभरात तीन जण तयार झाले. एकीने विचारलं, तिला गाडीत पुढे बसायला आवडतं की मागे? बहिणीला माहीत नव्हतं. मोठीनेच सांगितलं, खिडकीशी, कुठेही.

या महिन्याचे तीन मंगळवार ठरलेत. चौथा अजून मोकळा आहे.